ढगांच्या दोन फायली

हवामानावर ताबा मिळवून एखाद्या देशाला गुडघे टेकायला लावणाऱ्या कादंबऱ्यांचा साचा आता वाचकांच्या चांगला ओळखीचा झाला आहे. एक हट्टी शास्त्रज्ञ असतो, त्याच्या शोधावर डोळा ठेवून बसलेला सेनाधिकारी असतो, समुद्रात घोंघावणारे वादळ असते आणि शेवटच्या चाळीस पानांत घड्याळाचे काटे जोरात पळू लागतात. मला हा प्रकार आवडतो, हे आधीच कबूल करतो. बेन बोव्हा या अमेरिकी लेखकाची ‘द वेदरमेकर्स’ ही कादंबरी याच घराण्यातली. वादळे रोखू पाहणारा तरुण हवामानशास्त्रज्ञ आणि त्याचे तंत्र आपल्या हाती घेऊ पाहणारे लष्कर, यांची ती कथा. पुस्तक मिटताना सहज प्रकाशनाचे वर्ष पाहिले आणि थबकलो. वर्ष होते १९६७.

थबकण्याचे कारण वेगळे होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे जुने, एके काळी गोपनीय असलेले कागद पुढे टप्प्याटप्प्याने खुले झाले. ते चाळताना लक्षात येते, की १९६७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये ढगांविषयीच्या दोन फायली एकाच वेळी टेबलांवरून फिरत होत्या. एका फायलीचे नाव होते ‘पॉपआय’. तिच्यात लाओसच्या डोंगरांवर पाऊस पाडून शत्रूच्या वाटा बुडवण्याची योजना होती. दुसरीचे नाव होते ‘ग्रोमेट’. तिच्यात आपल्या बिहारवर पाऊस पाडून दुष्काळग्रस्तांना दिलासा देण्याची योजना होती. तंत्र एकच आणि त्यामागची तज्ज्ञ मंडळीही बरीचशी तीच. ग्रोमेटची फाईल आपल्याशी संबंधित असूनही आपल्याकडे तिची चर्चा फारशी झाली नाही. म्हणून या दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे वाटले.

शीतपेटीतला ढग

या तंत्राची सुरुवात कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीची संशोधनशाळा होती. तिथे व्हिन्सेंट शेफर हे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या हाताखाली काम करत. १९४६ च्या जुलैमध्ये शेफर एका शीतपेटीत आपल्या श्वासाची वाफ सोडून ढगाची छोटी प्रतिकृती तयार करत होते. पेटी पुरेशी गार होईना, म्हणून त्यांनी तीत ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तुकडा टाकला. क्षणात पेटीतल्या वाफेचे बर्फाचे असंख्य चमचमते कण झाले.

त्यामागचे कारण समजून घेतले, की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. उंचावरच्या ढगातले पाणी शून्य अंशाखाली गेले तरी लगेच गोठत नाही. गोठण्यासाठी त्याला कशाचा तरी आधार लागतो. आधार देणारे कण हवेत कमी असतील, तर ते अतिशीत पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपात तसेच तरंगत राहते आणि ढग न बरसता विरून जातो. ड्राय आइस थेंबांना एकदम इतके गारठवतो, की बर्फाचे कण आपोआप बनतात, मोठे होतात आणि खाली येऊ लागतात. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफर यांनी विमानातून मॅसॅच्युसेट्समधील माउंट ग्रेलॉकच्या परिसरातल्या ढगावर हा प्रयोग केला आणि ढगाखालून हिमकण झरताना दिसले. त्याच आठवड्यात त्यांचे सहकारी बर्नार्ड व्होनेगट यांना सिल्व्हर आयोडाइड सापडले. त्याच्या स्फटिकांची ठेवण बर्फासारखी असते, त्यामुळे अतिशीत पाणी फसते आणि त्याच्याभोवती गोठू लागते. आजही मेघबीजनात हेच रसायन वापरतात. बर्नार्ड यांचे धाकटे भाऊ कर्ट व्होनेगट त्याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होते. पुढे त्यांनी ‘कॅट्स क्रेडल’ या कादंबरीत पृथ्वीवरचे सगळे पाणी गोठवणारा पदार्थ कल्पिला. प्रयोगशाळा आणि कादंबरी यांच्यात त्या घरात तरी एकाच भिंतीचे अंतर होते.

एक गोष्ट मात्र इथेच नोंदवून ठेवायला हवी. या तंत्राने ढग निर्माण होत नाहीत. आभाळात योग्य ढग असेल, तर त्याच्याकडून थोडे अधिक पाणी मागता येते, इतकेच. लँगम्यूर यांना मात्र एवढ्यावर थांबायचे नव्हते. हवामानावरचे नियंत्रण हे अणुबाँबच्या तोडीचे अस्त्र ठरू शकते, असे ते जाहीरपणे सांगू लागले. लष्कराचे कान टवकारले गेले, यात नवल नाही.

वादळाने घेतलेले वळण

लष्कर आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या ‘प्रोजेक्ट सिरस’ या संयुक्त योजनेत १३ ऑक्टोबर १९४७ रोजी अटलांटिक महासागरातल्या एका चक्रीवादळावर ड्राय आइस टाकण्यात आला. वादळ किनाऱ्यापासून दूर चालले होते. प्रयोगानंतर ते मागे वळले आणि जॉर्जिया राज्यात सव्हानाजवळ येऊन धडकले. लोक खवळले. कंपनीचे वकील नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या धास्तीने सावध झाले. लँगम्यूर यांनी मात्र वादळ आपल्यामुळेच वळले, असे छातीठोकपणे सांगितले.

पुढच्या अभ्यासात दिसले, की वादळाचे वळण बीजनाआधीच सुरू झाले होते आणि १९०६ सालीही एका वादळाने असाच रस्ता धरला होता. म्हणजे शास्त्रज्ञाने जो पराक्रम म्हणून सांगितला आणि लोकांनी जो गुन्हा म्हणून धरला, तो बहुधा निसर्गाचा नेहमीचा खेळ होता. पण संशयाला असा खुलासा पुरत नाही. नंतर ‘स्टॉर्मफ्युरी’ या योजनेत अमेरिकेने वादळे दुबळी करण्याचे प्रयोग चालवले, तेव्हा क्यूबाने अमेरिका वादळांचे शस्त्र करत असल्याचा आरोप केला. प्रयोग पॅसिफिक महासागरात नेण्याच्या कल्पनेला चीन आणि जपान यांनी हरकत घेतली. १९८३ मध्ये ती योजना बंद झाली. वादळात अतिशीत पाणी मुळातच कमी असते, आणि बीजनाचे म्हणून जे बदल दिसले तसे बदल बीजन न केलेल्या वादळांतही होतात, हे तोवर स्पष्ट झाले होते.

हथिया रुसला

आता आपल्या फायलीकडे येऊ. १९६५ च्या दुष्काळापाठोपाठ १९६६ चा पाऊसही फसला. बिहारमध्ये भाताचे पीक हथियाच्या, म्हणजे आपण ज्याला हत्तीचा पाऊस म्हणतो त्या हस्त नक्षत्राच्या पावसावर तरते. त्या वर्षी तोच रुसला. भात करपला आणि रब्बीला जमिनीत ओल उरली नाही. १९६६ मध्ये देशाने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यातले बहुतेक अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हे धान्य मुद्दाम महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. भारताने शेतीधोरण बदलावे आणि व्हिएतनाम युद्धावर टीका करताना जीभ आवरावी, हा त्यामागचा हेतू लपून राहिला नव्हता. दिल्लीत इंदिरा गांधी यांचे सरकार फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीला सामोरे जाणार होते.

या पेचात वॉशिंग्टनमधून एक वेगळा प्रस्ताव आला: धान्याबरोबर पाऊसही देऊन पाहू. कॅलिफोर्नियातील चायना लेक येथे अमेरिकी नौदलाचे शस्त्रसंशोधन केंद्र होते. तिथले पियरे सेंट अमांड आणि त्यांचे सहकारी विमानातून डागता येतील अशी सिल्व्हर आयोडाइडची नळकांडी विकसित करत होते. लाओसवर १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये जी चाचणी झाली, ती याच साधनांची. तीच साधने आता बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशसाठी देऊ केली गेली. भारत सरकारने संमती दिली. प्रकल्पाला बाहेर ‘कृषी-हवामानशास्त्रीय’ संशोधनाचे सौम्य रूप देण्यात आले आणि ग्रोमेट हे नाव त्यातूनच आले.

इतकी लपवाछपवी का? पाऊस मागणे हा तर गुन्हा नव्हे. पण कारणे दोन्ही बाजूंना होती. शेजारी पूर्व पाकिस्तान होता, आणि पाकिस्तानशी युद्ध होऊन दीड वर्षही लोटले नव्हते. बिहारवर पाऊस पाडला, तर आमचा पाऊस पळवला अशी ओरड होणार, हे उघड होते. निवडणुकीच्या तोंडावर परदेशी लष्करी तज्ज्ञ आपल्या आभाळात काय करत आहेत, या प्रश्नाला उत्तर देणे दिल्लीला अवघड गेले असते. वॉशिंग्टनला तर लाओसची फाईल झाकूनच ठेवायची होती. बिहारविषयी फार बोलणे झाले असते, तर हेच तंत्र आणखी कुठे वापरता, असा पुढचा प्रश्न आला असता.

प्रयोग १९६७ च्या हिवाळ्यात झाले. जानेवारी-फेब्रुवारीत बिहारचे आभाळ बहुतेक निरभ्र असते. पश्चिमी विक्षोभाबरोबर येतील तेवढेच ढग, आणि तेही पातळ. बीजनाला योग्य ढग फारसे मिळालेच नाहीत, आणि शेतकऱ्याला जाणवेल असा पाऊस जमिनीवर आला नाही. एप्रिलमध्ये बिहारच्या काही भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. लोकांना जगवले ते परदेशी गव्हाने, सरकारी रास्त भावाच्या दुकानांनी आणि जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मदतसमितीच्या अन्नछत्रांनी. पुढच्या जूनमध्ये मोसमी पाऊस आपल्या पावलांनी आला.

ज्याला पाऊस हवा होता, त्या बिहारच्या शेतकऱ्याला आपल्या डोक्यावर काय चालले आहे हे कुणी सांगितले नाही. प्रयोग फसला याचे मला दुःख नाही, कारण प्रयोग फसतातच. आपल्या आभाळाचा निर्णय आपल्याला न सांगता झाला, याची बोच मात्र फाईल वाचताना राहते.

चिखलाची मोहीम

दुसरी फाईल फसली नाही, निदान ती चालवणाऱ्यांच्या मते. उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेकडे रसद नेणारी ‘हो ची मिन्ह वाट’ लाओसच्या डोंगरजंगलातून जात होती. पावसाळ्यात ती आपोआप मंदावे. मग पावसाळाच महिना-दीड महिना लांबवला तर? १९६६ च्या चाचणीत पन्नासहून अधिक ढगांवर बीजन झाले आणि बहुतेक ढग बरसले, असा अहवाल गेला. जानेवारी १९६७ मध्ये परराष्ट्र खात्यातल्या काही अधिकाऱ्यांनी शंका काढली: हे आंतरराष्ट्रीय कायद्यात बसते का, आणि उघडकीस आले तर जग काय म्हणेल? शंका फायलीत राहिली. २० मार्च १९६७ रोजी मोहीम सुरू झाली.

थायलंडमधल्या उदोर्न तळावरून विमाने उडत. नोंदवहीत ती हवामान-टेहळणीची उड्डाणे असत, आणि वैमानिक खरोखरच हवामानाचे अहवालही धाडत. मधल्या वेळात ते नळकांडी डागत. ५ जुलै १९७२ पर्यंत २,६०२ उड्डाणे झाली आणि ४७,४०९ नळकांडी वापरली गेली. वर्षाचा खर्च सुमारे ३६ लाख डॉलर, म्हणजे युद्धाच्या हिशेबात चिल्लर. लाओसच्या सरकारला या प्रयोगाची स्वतंत्र कल्पना दिलेली नव्हती. ‘युद्ध नको, चिखल करा’ अशी गमतीची घोषणा या कामातल्या मंडळींत चाले.

पाऊस किती वाढला? लष्करी गुप्तवार्ता विभागाचा अंदाज असा, की मर्यादित भागांत तो ३० टक्क्यांपर्यंत वाढला असावा. पण हा अंदाजच. बीजन न करता किती पडला असता, हे मोजायला दुसरा लाओस नव्हता. १९७१ च्या ऑगस्टमध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये लाल नदीला महापूर आला. उत्तर व्हिएतनामवरचे बीजन १९६८ च्या नोव्हेंबरपासूनच थांबवले होते, असे अमेरिकी लष्कराने पुढे सांगितले. ते खरे असूही शकते. पण पाच वर्षे खोट्या नोंदी ठेवणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

मोहिमेचा पहिला सुगावा १९७१ च्या मार्चमध्ये पत्रकार जॅक अँडरसन यांच्या स्तंभातून लागला. ३ जुलै १९७२ रोजी सेमूर हर्श यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तपशीलवार बातमी दिली. मोहीम थांबली, तरी कबुली यायला वेळ लागला. सिनेटर क्लेबॉर्न पेल यांनी पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा मार्च १९७४ मध्ये बंद दाराआड लष्कराने सगळे आकडे सांगितले, आणि मे महिन्यात ते प्रसिद्ध झाले. बाँबने अडवण्यापेक्षा पावसाने अडवलेले काय वाईट, असा बचाव संरक्षण खात्याच्या वतीने तेव्हा मांडला गेला. प्रथमदर्शनी तो पटतो. पण ज्या खोऱ्यात सैनिकांची वाट असते, तिथेच शेतकऱ्याचे भाताचे वाफेही असतात, आणि पाऊस माणसे ओळखून पडत नाही.

करार आणि त्याच्या फटी

या खळबळीतून एक चांगली गोष्ट घडली. पर्यावरणात फेरफार करून त्याचा लष्करी वापर करण्यास बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९७६ रोजी मंजूर केला. १८ मे १९७७ रोजी तो जिनिव्हात स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला आणि ५ ऑक्टोबर १९७८ रोजी लागू झाला. भारताने १९७८ मध्येच त्याला अनुमोदन दिले. अमेरिकाही १९८० मध्ये त्यात आली.

करार बारकाईने वाचला, तर त्याच्या फटी दिसतात. परिणाम ‘व्यापक, दीर्घकालीन किंवा तीव्र’ असेल तरच बंदी लागू होते. संरक्षण मिळते ते करारात सामील असलेल्या देशांनाच. तक्रार करायची सुरक्षा परिषदेकडे, जिथे बड्या राष्ट्रांच्या हातात नकाराधिकार आहे. शांततेच्या कामासाठीच्या प्रयोगांना मुभा आहे, आणि ती असायलाच हवी. पण ग्रोमेट आणि पॉपआय एकाच केंद्राच्या साधनांनी एकाच हंगामात चालू शकतात, हे आपण पाहिले आहे. नळकांडे बाहेरून पाहून ते कोणत्या फायलीतले, हे ओळखता येत नाही.

संशयाचे पीक

आज या इतिहासाचे काय उरले आहे? २०१८ मध्ये इराणच्या एका सेनाधिकाऱ्याने इस्रायल आपले ढग चोरत असल्याचे सांगितले, आणि खुद्द इराणच्याच हवामान खात्याच्या प्रमुखांनी तसे करणे शक्य नाही असे स्पष्ट केले. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी ढगफुटीमागे परदेशी कारस्थान असल्याचा संशय बोलून दाखवला. पुरावा पुढे आला नाही. एप्रिल २०२४ मध्ये दुबई पाण्याखाली गेली, तेव्हा जगभर बोट दाखवले गेले ते मेघबीजनाकडे. तज्ज्ञ मात्र सांगत होते, की एवढे मोठे वादळी क्षेत्र कुणाच्या विमानाने उभे राहत नाही.

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते, आणि तिच्या काठचा मराठवाडाही या संशयापासून मुक्त नाही. राज्य सरकारने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. ‘विमान आलं अन् आलेले ढगही गेले’ हे वाक्य मी तिकडच्या पारावर स्वतः ऐकले आहे. विमान ढग असतानाच उडते आणि बरेच ढग एरवीही न बरसताच जातात, हे समजावून सांगितले तर लोक ऐकून घेतात. पण मग पाऊस पडल्यावर तो विमानाचा कसा, हा त्यांचा उलट प्रश्न बिनतोड असतो.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक रीत आपल्याच मातीत होऊन गेली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामतीच्या पर्जन्यछायेतल्या ढगांवर मिठाच्या पुडीचे बीजन केले. दोन भाग आखले, मध्ये मोकळा पट्टा ठेवला आणि त्या दिवशी कोणत्या भागात बीजन करायचे हे जणू चिठ्ठी टाकून ठरवले. चिठ्ठीला सरकार, निवडणूक, शत्रू काही कळत नाही, हाच तिचा गुण. अकरा वर्षांच्या हिशेबात बीजन केलेल्या भागात सुमारे २४ टक्के जास्त पाऊस दिसला. याच संस्थेने २०१८-१९ मध्ये सोलापूर परिसरात तशाच पद्धतीने ढगांची तुलना केली. तेव्हा वाढ सुमारे १८ टक्के आली, आणि ते निष्कर्ष जगासमोर मांडले गेले. यात दुष्काळ हटवण्याची ताकद नाही. हे आकडे कुणालाही तपासता येतात, इतके मात्र नक्की.

कादंबरीतला खलनायक वादळाला आज्ञा करतो. प्रत्यक्षात तसे कुणाला जमले नाही, आणि ढगांची भौतिकी पाहता नजीकच्या काळात जमेल असे मला वाटत नाही. १९६७ च्या त्या दोन फायलींनी केलेले नुकसान वेगळे आहे. आभाळाविषयी सरकारे खोटे बोलू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्यामुळे पुढे कुठेही अवेळी पाऊस आला की संशयाला जागा झाली, आणि तो संशय खोडून काढायला शास्त्रज्ञांचा शब्द अपुरा पडू लागला. आता तर सूर्यकिरण परतवून पृथ्वी थंड करण्याच्या योजनांची चर्चा चालू आहे. एका देशाने केलेला असा प्रयोग दुसऱ्याच्या मोसमी पावसावर परिणाम करू शकतो. तशी फाईल कुठे उघडली, तर ती बिहारच्या आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्यासमोर, उघड्या टेबलावर उघडली जायला हवी. हथियाची वाट पाहणाऱ्याला निदान एवढे कळायला हवे, की रुसला आहे तो हथियाच.